बोडो शिकू की ह्मोंग? सासूबाई येतायत आणि खालच्या मजल्यावरची आजी रोज भेटतेय

पत्र असं आहे:

"ताई, मी मूळची नाशिकची, नवरा बोडो, आसामातल्या कोक्राझारकडचा. पुण्यात नोकरीत ओळख झाली, लग्न झालं, आता मिनेसोटात सेंट पॉलला राहतो. आम्ही दोघं इंग्रजी-हिंदीत बोलतो, मुलीशी मी मराठी बोलते. खालच्या मजल्यावर ह्मोंग कुटुंब आहे, त्यांच्या आजी माझ्या लेकीला दुपारी सांभाळतात आणि ती आता त्यांच्या भाषेत आकडे म्हणायला लागलीय. उन्हाळ्यात सासूबाई राहायला येतायत, त्यांचं हिंदी जेमतेम, म्हणून मला बोडो शिकायचंय. नवऱ्याचा चुलतभाऊ म्हणतो बोडो आणि ह्मोंग एकाच घराण्यातल्या, दोन्हीत सूर असतात, एक आली की दुसरी फुकटात येईल, तर आजींकडूनच सुरुवात कर. मलाही जरा पटलं कारण चारला बोडोत 'ब्रै' आणि ह्मोंगमध्ये 'प्लाऊ' म्हणतात. खरंच बहिणी आहेत का या? आधी कुठली शिकू? आणि पोरीच्या डोक्यात चार भाषांचा काला नाही ना होणार? – सेंट पॉलची सूनबाई"

सूनबाई, आधी बोडो शीक. सासूबाई येतायत म्हणून तर आहेच, पण मराठी माणसाला ती ह्मोंगपेक्षा कितीतरी सोपी जाते म्हणूनही. दिराचं अर्धं बरोबर आहे. दोन्ही सुरांच्या भाषा आहेत हे खरं, म्हणजे अक्षरं तीच ठेवून आवाज वर-खाली केला की अर्थ बदलतो. पण "एक आली की दुसरी फुकटात" हे विसर, फुकटात काही येत नाही. एक गोष्ट मात्र ह्मोंगमधून उचलून बोडोला लावता येते, ती पुढे सांगते.

आता नात्याचं. बोडो ही तिबेटो-बर्मन भाषा. तिच्या सख्ख्या-चुलत बहिणी म्हणजे गारो, त्रिपुरातली कोकबरोक, डिमासा, राभा, तिवा, देउरी, सगळ्या आपल्या ईशान्येत. ह्मोंगचं घराणं वेगळं, ह्मोंग-मिएन, ते मूळचं दक्षिण चीनचं, ग्वीझो-युन्नानच्या डोंगरातलं, तिथून लोक खाली व्हिएतनाम, लाओस, थायलंडमध्ये उतरले. चीनमधले अभ्यासक अजून बरेचदा ह्मोंग-मिएनला चिनी-तिबेटी कुळातच धरतात, म्हणजे तिबेटो-बर्मन ज्याची शाखा आहे त्याच मोठ्या कुळात, आणि ते मान्य केलं तर बोडो आणि ह्मोंग लांबून नात्यात येतात, दिराने बहुतेक तेच कुठेतरी वाचलं असणार. बाहेरचे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मात्र ते मानत नाहीत, आणि मलाही त्यांचंच पटतं.

मग 'ब्रै' आणि 'प्लाऊ'चं काय? तुझा कान चांगला आहे, ते साम्य खरंच आहे, योगायोग नाही. पण लेकीला एक-दोन-तीन म्हणायला सांग. ह्मोंगमध्ये ई, ऑ, पे. बोडोत से, नै, थाम. काही जुळतंय? काहीच नाही. आणि चारला एकदम जुळतं. पॉल बेनेडिक्ट नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने मांडलं होतं की ह्मोंग-मिएन भाषांनी चार ते नऊ हे आकडे फार फार पूर्वी कुठल्यातरी तिबेटो-बर्मन शेजाऱ्यांकडून घेतलेत, एक-दोन-तीन स्वतःचे ठेवले, आणि दहा घेतला चिनीकडून. आकडे उसने घेतात का कुणी असं वाटेल, पण आपणही बाजारात 'हजार' फारसीतला वापरतो आणि केळी 'डझनावर' घेतो, त्याने मराठी काही इराणची झाली नाही.

आणि नुसत्या योगायोगाचे नमुने हवे असतील तर बोडोत आईला 'आइ' म्हणतात. 'मासे' हा शब्दही आहे बोडोत, त्याचा अर्थ 'एक' पण फक्त जनावरांसाठीचा एक, आणि माशाला म्हणतात 'ना', त्यामुळे 'ना मासे' म्हणजे एक मासा. आता यावरून मराठी आणि बोडो बहिणी आहेत असं व्हॉट्सॲपवर फिरवणारं कुणीतरी भेटेलच, तू नको फिरवू.

जाता जाता एक बोलतेच. "दोघंही दिसायला तसेच" हे कारण तुझ्या दिराने दिलं नाही, पण आपल्याकडे पुण्या-मुंबईत सर्रास देतात, ईशान्येकडचा कुणीही दिसला की चायनीज, आणि तुझ्या नवऱ्याने पुण्यात हे किती वेळा ऐकलं असेल ते त्यालाच माहीत. नाकडोळ्यांवरून भाषेचं कूळ ठरत नाही. नावावरूनही नाही, मिझोराम-मणिपूरकडे 'ह्मार' लोक आहेत, त्यांचा ह्मोंगशी काही संबंध नाही, ते मिझोंच्या जवळचे.

बरं, बोडो सोपी का म्हणतेय मी. 'आं ओंखाम जायो'. आं म्हणजे मी, ओंखाम म्हणजे भात, जायो म्हणजे खातो किंवा खाते. मी भात खाते. शब्दाला शब्द, त्याच क्रमाने, क्रियापद शेवटी. विभक्तीसुद्धा आपल्यासारखी शब्दाला मागून चिकटते, 'आंनि न'' म्हणजे माझं घर, त्यातला 'नि' म्हणजे आपला चा-ची-चे, आणि तोही एकच, घराला चं आणि गाडीला ची असली भानगड नाही. क्रियापदाच्या शेपटीला काळ लागतो: जाबाय म्हणजे खाल्लं, जागोन म्हणजे खाईन, जाया म्हणजे खात नाही. आणि खरी मजा म्हणजे मी-तू-तो-ती कुणीही असो, क्रियापद बदलत नाही! आं जायो, नों जायो, बियो जायो. खातो-खाते-खातं-खातात काही नाही, व्याकरणातलं लिंगच नाही. तुझा नवरा "चहा आली" म्हणत असेल तर हसू नकोस, त्याच्या भाषेत चहाला लिंग असण्याचं कारणच नाही, त्याला तो अत्याचार वाटत असणार.

ह्मोंगमध्ये तेच वाक्य 'कू नॉ मॉ', मी-खातो-भात, क्रियापद मध्ये, इंग्रजीसारखं. शेपट्या वगैरे काही नाहीत. खाल्लं म्हणायचं तर शेवटी एक वेगळा शब्द, खाईन म्हणायचं तर आधी एक वेगळा शब्द, नाही म्हणायचं तर क्रियापदाआधी 'ची'. प्रत्येक शब्द आपापला सुटा. म्हणजे व्याकरणाच्या अंगाने बघितलंस तर बोडो आपल्याकडे झुकते आणि ह्मोंग चिनीकडे, दोघींची तोंडं दोन दिशांना. घरातले शब्द वेगळे, वाक्याची बांधणी वेगळी, बहिणी म्हणायच्या तरी कशावरून.

आता सासूबाई आल्यावर पहिल्याच जेवणाला काय होणार ते सांगते. त्या ताटात वाढतील आणि म्हणतील, "जा, जा!" तू मराठी, तुला वाटेल हाकलतायत. बोडोत 'जा' म्हणजे खा. आणि गंमत म्हणजे बोडोतला ज आपल्या 'जहाज'मधल्या ज च्या जवळचा, 'जीव'मधला नाही, त्यामुळे ऐकायला तो अगदी आपल्या 'जा'सारखाच येतो. जायला सांगायचं असेल तर त्या 'थां' म्हणतील, ये म्हणायचं तर 'फै', पाणी पी म्हणजे 'दै लों', नको म्हणायचं असेल तर क्रियापदाआधी 'दा'. 'दा थां' म्हणजे जाऊ नकोस. एवढं कळलं तरी पहिला आठवडा निघेल.

पण याच 'जा'मध्ये सूर लपलाय. बोडोत 'जा' म्हणजे खाणं आणि 'जा' म्हणजे होणं, घडणं. लिहिताना हुबेहूब एक. बोलताना सूर वेगळा. बहुतेक अभ्यासक बोडोत दोन सूर धरतात, एक उंच एक खालचा, आणि लिहिताना ते दाखवत नाहीत. बोडो माणसाला गरजही नाही, वाक्यावरून कळतं. पण तुला कळणार नाही, आणि तू फसणार त्याच कारणाने ज्यामुळे तुला बोडो सोपी वाटणारे, ते म्हणजे देवनागरी.

बोडो देवनागरीत लिहितात हे तुला माहीतच असेल, नवऱ्याने दाखवलं असेल. आपल्याला वाटतं चला, लिपी येते, अर्धं काम झालं. तर ही देवनागरी त्यांच्याकडे आली कशी ते बघ. बोडो साहित्य सभा १९५२ ची, १९६३ पासून प्राथमिक शाळांत बोडो माध्यम, तेव्हा लिपी असमिया. मग सभेने रोमन लिपी हवी म्हटलं, १९७४-७५ मध्ये त्यासाठी मोठं आंदोलन झालं, पोलीस गोळीबारात माणसं गेली, आणि १९७५ ला शेवटी दिल्लीशी बोलणी होऊन तडजोड म्हणून देवनागरी स्वीकारली गेली. म्हणजे ना असमिया ना रोमन, तिसरीच. त्यामुळे घरात कुणा वयस्कर माणसासमोर "अय्या तुमची लिपी तर आमचीच!" असं उत्साहात म्हणू नकोस, काहींना ते दुखतं. पुढे २००३ मध्ये ९२ व्या घटनादुरुस्तीने डोगरी, मैथिली, संथालीबरोबर बोडो आठव्या अनुसूचीत आली, २०२० मध्ये आसामची सहराजभाषा झाली, २०११ च्या जनगणनेत १४ लाख ८२ हजारांच्या वर बोलणारे नोंदले गेले. छोटी नाहीये ती भाषा, साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळतो त्या भाषेतल्या पुस्तकांना.

तर देवनागरी कुठे फसवते. बोडोत 'ओ' लिहिलेलं दिसलं की तो आपला ओ नाही. तो एक वेगळाच स्वर आहे, उ म्हणायला जायचं पण ओठ गोल न करता पसरट ठेवायचे, हसताना उ म्हटल्यासारखं. आपला साधा ओ त्यांना लिहायचा असेल तर ते अक्षरापुढे वर एक टिंबासारखी खूण टाकतात, बर', न', द'. त्यामुळे 'नों' हे नोंदणीतल्या नों सारखं वाचलंस तर चुकलं. तसंच ऐकाराचं, 'दै' म्हणजे पाणी, ते दैव मधलं दै नाही, द नंतर तो पसरट उ आणि मग इ. तुझा 'ब्रै' पण तसाच. आणि ट ठ ड ढ ण, ळ हे बोडोच्या स्वतःच्या शब्दांत नाहीतच, त्यामुळे सासूबाईंनी तुझ्या नावातला किंवा गावातला ळ वेगळा म्हटला तर ते त्यांचं वय नाही, त्यांची भाषा आहे.

आता ह्मोंग, इथे सगळं उलटं. बघताक्षणी घाम फुटतो आणि तरी लिपी प्रामाणिक आहे. १९५१ ते ५३ दरम्यान लाओसमध्ये बार्नी, स्मॉली आणि बर्त्रे या मिशनऱ्यांनी मिळून रोमन अक्षरात ह्मोंग लिहायची पद्धत बसवली, आज अमेरिकेत तीच चालते. त्यांनी काय केलं, ह्मोंगमध्ये शब्दाच्या शेवटी व्यंजन जवळजवळ येतच नाही, मग शेवटची जागा रिकामीच होती, तिथे सूर दाखवायला अक्षरं बसवली. म्हणून आजींच्या दारावर स्टिकर असेल एच-एम-डबल ओ-बी, तू ते 'ह्मूब' वाचलं असशील. त्यातला बी म्हणजे ब नाहीच, तो फक्त सांगतो की सूर उंच ठेवा, आणि डबल ओ म्हणजे ऊ नाही, नाकातून जाणारा ऑं. सगळं मिळून झालं ह्मोंग!

पी-ओ घे. उच्चार 'पॉ'. नुसतं लिहिलं, मधला सूर, तर प्लीहा. शेवटी बी लावला, उंच, तर चेंडू. जे लावला, वरून खाली, तर बाई किंवा मादी. व्ही, मधून वर, फेकणं. एस, खालचा सूर, काटा. एम, खाली जाऊन घशात तुटल्यासारखा, बघणं. आणि जी लावला, श्वास सोडत खाली येणारा, तर आजी, वडिलांची आई. तुझी लेक तिच्या मैत्रिणीचं ऐकून खालच्या आजींना बहुतेक हेच म्हणत असेल. तू कागदावर बघून 'पोग' म्हणशील आणि आजी गोड हसतील, किंवा सूर घसरला तर त्यांना काटा म्हणशील, तरी हसतील. सात सूर धरतात साधारण, एक आठवा पण आहे, तो या एम-वाल्याचाच वेगळ्या ठिकाणी होणारा प्रकार, त्याच्या नादी आत्ता लागू नकोस.

सूर त्या लोकांच्या किती हाडात भिनलाय ते बघायचं असेल तर त्यांचं 'केंग' नावाचं बांबूच्या नळ्यांचं वाद्य ऐक. अंत्यविधीला वाजवतात. ते नुसतं संगीत नसतं, सुरांमधून शब्द बोलले जातात, मेलेल्याच्या आत्म्याला वाट सांगितली जाते, आणि वाजवणारे ती शब्दन् शब्द पाठ करून शिकतात. हे कळल्यावर मला भाषा आणि गाणं यांच्यात भिंत कुठे असते असा प्रश्नच पडला होता, असो.

लिपीचं दुखणं ह्मोंगलाही आहे बरं का. त्यांच्यात जुनी गोष्ट सांगतात की आमचं पुस्तक होतं, नदी पार करताना हरवलं, कुणी म्हणतं घोड्यांनी खाल्लं. आणि मग १९५९ मध्ये शाँग लू यांग नावाच्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या एका शेतकऱ्याने स्वतःची लिपी उभी केली, पाहाव ह्मोंग. नंतर सुधारून सुधारून चार आवृत्त्या केल्या. १९७१ मध्ये त्याला मारून टाकलं. त्या लिपीत स्वर आधी लिहितात आणि व्यंजन नंतर, वाचताना मात्र व्यंजन आधी. इंग्रजी माणसाला हे विचित्र वाटतं, आपल्याला नाही वाटणार, आपली पहिली वेलांटी तेच तर करते. २०१४ मध्ये ती युनिकोडमध्ये पण आली.

ह्मोंगमध्ये तुला मराठीचे फायदे आहेत आणि ते अमेरिकन मुलांना नाहीत, हे लक्षात ठेव. टी-एक्स लिहिलेलं दिसलं की तो आपल्या 'चांगला'मधला च, हिंदीवाल्यांना तो जमत नाही, तुला फुकट मिळालाय. आर दिसला की तो र नाही, ट आहे! सहाला आर-ए-यू लिहितात आणि म्हणतात 'टाऊ'. एन-टी म्हणजे न्द, त्यांच्या त्या सुंदर भरतकामाला पा न्दाऊ म्हणतात, ते लिहिताना बघशील. जी वाल्या सुराला 'म्हातारी' म्हणताना म मध्ये जो श्वास मिसळतो ना, तो स्वरात घालून बघ, जवळ जाशील. पण ह्मोंग मधला ह्म मात्र आपला म्ह नाही, तो आधी नाकातून नुसती हवा सोडून मग म. आजी जर हिरव्या ह्मोंगांपैकी असतील, म्हणजे मोंग लेंग, तर त्या ते हवेचं भानगडच करत नाहीत, सरळ 'मोंग' म्हणतात. पांढरे ह्मोंग ह्म म्हणतात. विचार त्यांना तुम्ही कुठले, आवडेल त्यांना कुणी विचारलेलं.

दोन्ही भाषांत खरंच सारखी म्हणावी अशी एक गोष्ट आहे, आणि ती म्हणजे मोजणी. नुसतं 'दोन कुत्रे' म्हणता येत नाही, मध्ये कशाचे दोन ते सांगणारा तुकडा लागतो. आपल्याकडे 'चार जण' म्हणतो ना, त्यातला जण, तसा, फक्त सगळ्याच गोष्टींना. बोडोत माणसांना सा, जनावरांना मा, फळांना आणि तसल्या गोल वस्तूंना थाइ, झाडांना फां. एक माणूस सासे, एक जनावर मासे, एक झाड फांसे. तुकडा आधी, आकडा मागून चिकटलेला. ह्मोंगमध्ये आकडा आधी, मग तुकडा, मग वस्तू: 'ऑ तू दे', दोन कुत्रे. जिवंत गोष्टींना एक, गोल-पोकळ वस्तूंना आणि घरालासुद्धा दुसरा, चपट्याला तिसरा, मूठ असलेल्या हत्यारांना चौथा. आता हे बघून दीर परत म्हणेल, बघ, सारखं आहे की नाही. आहे, पण तसं ते चिनीत आहे, थाईत आहे, बर्मीत आहे, व्हिएतनामीत आहे. सूरही तसेच. तो सगळा पट्टाच तसा आहे, शेजारी राहून राहून एकमेकांचं उचललेलं. असल्या गोष्टींवरून एक घराणं ठरवत नाहीत, नाहीतर आपली मराठी आणि कन्नड सख्ख्या ठरल्या असत्या.

आता ती उचलायची गोष्ट. तू बोडोची वही करशील तेव्हा देवनागरीत शब्द लिही, आणि ह्मोंगवाल्यांसारखं शेवटी स्वतःची एक खूण टाक सुराची. बोडोत दोनच सूर, म्हणजे एकच खूण पुरते, उंच असेल तर टाक, नाहीतर रिकामं ठेव. खूण कुठून कळणार? नवऱ्याला "यात सूर कुठला?" असं विचारू नकोस, त्याला सांगता येणार नाही आणि तो चिडेल. तुला कुणी विचारलं असतं का कधी की 'चार'मधला च आणि 'चांगला'मधला च वेगळे कसे, आपण म्हणतो, बस. त्याला सांग, खाणं वाला जा आणि होणं वाला जा पाठोपाठ म्हण, फोनवर रेकॉर्ड कर, आणि त्या दोनात पाठोपाठ ऐकून फरक पकड. सासूबाई आल्या की त्यांच्याकडून परत रेकॉर्ड कर, पोराचं बोडो पुण्या-अमेरिकेत राहून थोडं घासलेलं असणार. आणि कानाला सुरांची सवय लागायला ह्मोंग आजींकडून तो पॉ पॉ पॉ चा खेळ रोज दोन मिनिटं खेळ. सात सूर ऐकायची सवय झालेल्या कानाला दोन ऐकणं जड जात नाही. दिराचं म्हणणं एवढ्यापुरतं मात्र खरं आहे.

लेकीची काळजी सोड. मुलं चार भाषा मिसळतात, एका वाक्यात तीन भाषांचे शब्द घालतात, आणि मग हळूहळू कुणाशी कुठली ते आपोआप वेगळं करतात. तिच्याशी मराठी बोलणं तू बंद करू नकोस, शाळा तर इंग्रजी करून घेणारच आहे. सेंट पॉलच्या सरकारी शाळांत ह्मोंग-इंग्रजी दुहेरी माध्यमाचे वर्ग आहेत, हवं तर चौकशी कर, पण माझं मत विचारशील तर सासूबाई घरात आहेत तेवढे दिवस तरी बोडोला जागा दे, ह्मोंग तिला आजींकडून मिळतेच आहे. आणि काळजी करायचीच तर नवऱ्याची कर, तो तिच्याशी बोडो का बोलत नाही? त्याला सांग, संध्याकाळी जेवताना तरी. बोडोत नातं कुणाचं त्यावर शब्दच बदलतो, माझे वडील 'आफा', तिचे किंवा त्याचे वडील 'बिफा', हे असलं पुस्तकातून येत नाही, बापानेच बोलायला लागतं.

सासूबाई आल्या की त्यांना खालच्या आजींकडे घेऊन जा आणि मग दोघींना ह्मोंग लोकांच्या बाजारात घेऊन जा, सेंट पॉलला मोठे आहेत. बांबूचे कोंब, केळफूल, नाना तऱ्हेचा पाला, सासूबाईंना अमेरिकेत आल्यासारखं वाटणारच नाही. एकीला दखना, म्हणजे बोडो बायका अंगाला गुंडाळतात ते वस्त्र, विणता येतो, दुसरीला पा न्दाऊ येतं, बोलायला विषय मिळेल. आणि तांदळाचं बघ, दोन्ही भाषांत शेतातला वेगळा, कांडलेला वेगळा, शिजलेला वेगळा. बोडोत माइ, माइरं, ओंखाम. ह्मोंगमध्ये म्ब्ले, छू, मॉ. आपल्याकडे साळ, तांदूळ, भात. इंग्रजीत बिचारं एक राइस, तिघी मिळून त्याला हसा.

शेवटी एक कामाचं. सासूबाईंना आणि तिकडच्या नणंदांना मेसेज करताना देवनागरीचा हट्ट धरू नकोस. बोडोतली बरीच तरुण मुलं फोनवर रोमनमध्येच टाइप करतात, आणि त्या पसरट उ ला डब्ल्यू लिहितात, पाणी म्हणजे डी-डब्ल्यू-आय. ह्मोंग रोमनमध्येसुद्धा डब्ल्यू हा स्वरच आहे आणि आवाजही जवळपास तसलाच, दोन्हीकडे वेगवेगळ्या लोकांनी स्वतंत्रपणे तेच अक्षर निवडलं. गूगल ट्रान्सलेटमध्ये ह्मोंग जुनं आहे, बोडो २०२४ मध्ये आलं, एखादा शब्द बघायला ठीक आहे पण सासूबाईंना अख्खं वाक्य पाठवण्याआधी नवऱ्याला दाखव. पहिला मेसेज 'खुलुमबाय' एवढाच पाठव, म्हणजे नमस्कार, आणि त्या काही पाठवतील त्याला 'साबायखर' म्हण, आभारी आहे. पुढचं त्या स्वतःच शिकवायला लागतील.